दोन मानांची गिटार: गुरुवारच्या नोंदी

४ जानेवारी २०२४

भोसरीत गुरुवारी कारखाने बंद, म्हणून माझा रविवार गुरुवारी येतो. बायको ऑफिसला, लेक शाळेत, आई पोथी वाचत बसलेली. बाल्कनी दिवसभर माझी. मशीन लावायची सोसायटीची वेळ मात्र सकाळी १० ते १, त्यामुळे राउटर (लाकूड कोरायचं मशीन), जिगसॉ वगैरे दंगा त्या तीन तासांतच उरकायचा. बाकी रंधा, कानस, पॉलिश पेपर कितीही वेळ.

दोन नेकची (नेक म्हणजे गिटारची मान, बोटं चालतात तो दांडा) गिटार स्वतः बनवायचं झेंगट अंगावर घेतलं त्याचं कारण आमचा वाद्यवृंद. जुनी हिंदी-मराठी गाणी. बऱ्याच गाण्यांत मुखड्याला १२ तारांची झणझण लागते आणि कडव्याआधीचा तुकडा सहा तारांवर वाजवावा लागतो. दोन गाण्यांच्या मध्ये गिटार बदलता येते, दोन ओळींच्या मध्ये नाही. मागच्या कार्यक्रमात पट्टा काढताना केबल पायात आली आणि निवेदकाला एक जादा विनोद सांगावा लागला. विनोद वाईट होता, त्याचा दोष माझ्यावर आला.

दोन नेकची गिटार काही नवी नाही. गिब्सन कंपनीने १९५८ पासून ऑर्डरप्रमाणे बनवायला घेतली, आधी पोकळ बॉडीची, मग साठच्या दशकात भरीव. ईडीएस-१२७५ हे तिचं नाव, आणि १९७१ नंतर लेड झेपेलिनच्या जिमी पेजच्या गळ्यात दिसल्यामुळे ती जगाला ठाऊक झाली. वर १२ तारा, खाली ६. वजन सहा किलोच्या आसपास. माझ्या मानेचा एक मणका आधीच बोलतो. म्हणून पहिल्या पानावर एकच आकडा लिहिलाय: साडेपाच किलो. त्याच्या वर गेली तर भिंतीवर टांगायची.

११ जानेवारी

नव्या फ्रिजचा पुठ्ठा फाडून पूर्ण मापाचा आराखडा काढला. दोन्ही नेकची स्केल, म्हणजे नटपासून (डोक्याजवळची तारांची खोबणी) ब्रिजपर्यंतची (बॉडीवरची घोडी) तारेची लांबी, ६२८ मिमी ठेवतोय. १२ तारांना आखूड स्केल बरी, ताण कमी पडतो. आणि दोन्हीकडे फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सारख्याच अंतरावर आले की हात गोंधळत नाही.

आकार कागदावर छान दिसतो, पण गळ्यात कसा लोंबेल ते कागद सांगत नाही. मग १२ मिमी प्लायचा सांगाडा कापला, जुन्या गिटारचा पट्टा लावला आणि दोन हेडस्टॉकच्या (नेकच्या टोकाचं डोकं) जागी वाणसामानाच्या पिशव्या बांधल्या. वरती अर्धा किलो साखर, खाली पाव किलो रवा. तारा पिळायच्या खुंट्यांचं, म्हणजे ट्यूनरचं, वजन साधारण तेवढंच, थोडं जास्तच धरलं. हात सोडला तर डोकं सरळ जमिनीकडे! साखर लादीवर.

अठरा ट्यूनर एका टोकाला असल्यावर दुसरं काय होणार. बॉडीचं वरचं शिंग (निमुळतं टोक) ४० मिमी लांब केलं, पट्ट्याची खुंटी १२व्या फ्रेटच्या समोर आणली, तेव्हा कुठे सांगाडा आडवा राहिला. दुसरी गोष्ट कळली ती अशी की खालचा नेक वाजवताना उजवा हात वरच्या नेकच्या ब्रिजवर टेकतो आणि स्क्रू टोचतात. दोन नेकच्या मध्यरेषांत १५० मिमी अंतर धरलं होतं, ते १५८ केलं. शिवाय हेडस्टॉकच्या बाजूला दोन्ही थोडे फाकवले, नाहीतर वरच्या नेकचे खालचे ट्यूनर आणि खालच्याचे वरचे एकमेकांत शिंगं अडकवतात.

आईने लादी पुसताना विचारलं, "गिटार करतोयस की शिरा?"

२५ जानेवारी

भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. सकाळी साडेदहाला गेलो, दीडला परत. साग, बीच, ऍश, पाइन, जे म्हणाल ते. पण मला बॉडीला हलकं आणि न फिरणारं लाकूड हवं होतं. सागाची बॉडी केली तर साडेपाच किलोचा विषयच संपला. चौथ्या वखारीत चौकटींच्या मागे शिवणीच्या लाकडाची एक फळी सापडली, कोकणातून आलेली, पाच वर्षं पडून वाळलेली. पिवळट, हलकी. नख दाबून पाहिलं, फार मऊ नाही. बोटाच्या पेराने ठोकली तर कोरडा, टणक आवाज. मिस्त्री म्हणाला, "ढोलकी करायचीय का?" त्याला दोन गळ्यांची गिटार समजावून सांगितली. तो म्हणाला, "एकच धड वाजवता येत नाही का?"

नेकसाठी साग, जुन्या वाड्याच्या खिडकीच्या चौकटीतला. निदान साठ वर्षं तरी हवा खाल्लेला, आता काय फिरणार तो. फळी रंध्यावर घेण्याआधी चुंबक फिरवला, तीन खिळे निघाले. चौथा चुंबकाला सापडला नाही, रंध्याच्या पात्याला सापडला.

फिंगरबोर्डचं (नेकवरची बोटं दाबायची पट्टी) लाकूड घरातच होतं. आजीचा शिसवी पाट. एका कडेला तडा गेलेला, माळ्यावर उभा ठेवलेला. वरती पितळेची फुलं ठोकलेली. दोन फूट लांब, एक इंच जाड, म्हणजे चिरून दोन फिंगरबोर्ड सहज. आईला विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "फुलं टाकू नकोस." पाट वखारीतल्या बँडसॉवर चिरून आणला. आत शिसव जांभळट काळा आहे, वास गोडसर. पितळी फुलांच्या पाकळ्यांतून गोल टिकल्या कापून घेतल्या. ३, ५, ७, ९ आणि १२व्या फ्रेटच्या खुणा तिथेच बसतील.

८ फेब्रुवारी

नेक तीन थरांचे: साग, मध्ये ५ मिमी शिसवीची पट्टी, परत साग. एकसंध लाकडापेक्षा असं चिकटवलेलं कमी फिरतं. दोन्ही बाजूंच्या सागाच्या रेषा एकमेकींच्या उलट तोंड करून ठेवल्या. मागच्या गुरुवारी गोंद लावून आठ क्लॅम्पमध्ये आवळून ठेवलं होतं. आज क्लॅम्प सोडले, नेकचा तुकडा टेबलाच्या कडेला सहज आपटला, आणि सांधा पुस्तकासारखा उघडला.

सागात तेल असतं हे लहानपणापासून ऐकतोय. म्हणून तर त्याला वाळवी लागत नाही. तेच तेल गोंदाला धरू देत नाही, एवढं डोक्यात यायला मला एक आठवडा आणि दोन तुकडे लागले.

२२ फेब्रुवारी

पुन्हा केलं. पृष्ठभाग ताजा रंधून, लगेच ऍसिटोनने दोनदा पुसून (फडकं पिवळं होईपर्यंत), पंधरा मिनिटांच्या आत इपॉक्सी. या वेळी वाया गेलेला एक तुकडा मुद्दाम हातोड्याने फोडून पाहिला. लाकूड फाटलं, सांधा नाही. हवं तेच.

दोन्ही नेकमध्ये दोन्ही बाजूंना वळणारा ट्रस रॉड (नेकचा बाक सरळ करणारी सळई). १२ तारांच्या नेकमध्ये त्याच्या दोन्ही अंगांना कार्बनच्या कांड्या जादा, ड्रोनच्या सुट्या भागांच्या दुकानातून आणलेल्या. एका नेकवर सहा तारांचा एकूण ताण सत्तेचाळीस किलोच्या घरात जातो. बाराचा दुपटीच्या आसपास. दिवसरात्र.

नेक बॉडीला चिकटवायचे की बोल्टने आवळायचे यावर दोन संध्याकाळी घालवल्या. गिब्सनचे चिकटवलेले असतात. मी मशीन देखभालीतला माणूस, जे उघडता येत नाही ते मी बांधत नाही. प्रत्येकी चार बोल्ट.

७ मार्च

फ्रेटच्या खाचा. सूत्र सोपं आहे: उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागा, तेवढ्यावर पुढचा फ्रेट. हा आकडा २ च्या बाराव्या मुळातून येतो, कारण सप्तकात बारा सारख्या पायऱ्या पाडायच्या असतात. ६२८ ला पहिला फ्रेट ३५.२५ वर, दुसरा ६८.५२ वर, बारावा बरोबर मध्ये, ३१४ वर.

इथे सगळे एकाच खड्ड्यात पडतात. एका खाचेपासून पुढची, तिच्यापासून पुढची असं मोजत गेलं आणि दर वेळी ०.१ मिमी जास्त पडलं, तर २२व्या फ्रेटला दोन मिमीची चूक साठते आणि वरचे सूर बेसूर बोलतात. म्हणून सगळी मापं नटपासूनच. शिफ्ट संपल्यावर कंपनीतल्या ग्रॅनाइटच्या टेबलावर हाइट गेजने (उंची मोजून रेघ ओढायचं साधन) ४४ रेघा ओढल्या. हाइट गेजचं टोक शिसवीवर चांदीसारखी बारीक रेघ सोडतं. सुपरवायझर येऊन बघून गेला. "कसला पार्ट आहे?" म्हणाला. "घरचा आहे," म्हटलं. तोही वाद्यवृंदाला येतो, म्हणून वाचलो.

खाचा हाताच्या करवतीने, ठोकळ्याला टेकवून. ४४ पैकी ३ रुंद झाल्या. त्यांत शिसवीचा भुसा आणि सुपरग्लू भरून परत कापल्या. दिसत नाहीत. मला दिसतात.

२१ मार्च

आज वजन कमी करायचा दिवस. बॉडी बाह्यरेषेत कापल्यावर किचनच्या काट्यावर २ किलो ८१०. आता आतून पोखरायची, मग वरून त्याच फळीचा ७ मिमीचा पापुद्रा चिकटवायचा. ब्रिजच्या खाली आणि नेकच्या सांध्याखाली भरीव सोडायचं, बाकी सगळीकडे खोल्या. राउटर तीन-तीन मिमी खाली उतरवत गेलो. शिवणीचा भुसा पिठासारखा उडतो. बाल्कनीतली तुळस पिवळी झाली.

सगळं नीट चाललं होतं म्हणून शेवटी खालच्या शिंगाची कड एकाच फेरीत करायला गेलो. शिंगाच्या टोकाला रेषा उलटी वळते, हे डोळ्यांना दिसत होतं. बिट उलट्या रेषेत घुसलं, आवाज एकदम जाड झाला आणि अंगठ्याएवढी ढलपी उडून शेजारच्या काकूंच्या बाल्कनीत. पाऊण वाजला होता. काकूंचा फोन आला. "काय रे, काहीतरी पडलंय आमच्याकडे. कबूतर आहे का?" जाऊन ढलपी मागून आणली. ती होती म्हणून वाचलं, त्याच जागी चिकटवता आली. नवा तुकडा घातला असता तर रेषा जुळली नसती.

पापुद्र्यासकट, पोखरून: २ किलो २४०.

११ एप्रिल

पाडवा झाला. नेकच्या खाचा आणि पिकअपच्या (तारांची थरथर उचलणारे चुंबक) खिडक्या कापल्या. बॉडी २ किलो ७० ग्रॅम.

पिकअप चार घ्यायचे होते, तीन घेतले. १२ तारांना नेकजवळचा एकच पुरे, त्यावर कुणी सोलो वाजवत नाही. शंभरेक ग्रॅम वाचले.

१२ तारांचा ब्रिज मुद्दाम बारा वेगळ्या खोगिरांचा (तार टेकते ते छोटे ठोकळे) घेतला. स्वस्त ब्रिजवर जोडीला एकच खोगीर असतं. जाड तार आणि तिच्यासोबतची सप्तकभर वरची बारीक तार यांना सुरात यायला वेगवेगळी लांबी लागते, एका खोगिरावर दोघींपैकी एक कायम रुसलेली.

९ मे

सांगलीला मामेबहिणीकडे आलोय, सोबत सहा तारांचा नेक. तिथून मिरज दहा किलोमीटरसुद्धा नाही. यंदाच मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथली वाद्यं करणारी शिकलगार मंडळी मूळची शस्त्रांना धार लावणारी, एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळलेली.

एका दुकानात चाचा सतारीची घोडी घासत बसले होते. मी तासभर नुसता बघत राहिलो. कानशीचे दोन हात, मग तार छेडून ऐकायचं. पुन्हा एक हात, पुन्हा ऐकायचं. जवारी म्हणजे काय ते पुस्तकात दहादा वाचलं होतं. तारेखालचा तो हाडाचा पृष्ठभाग कुठेच सपाट नसतो आणि कुठेच गोल नसतो, तार त्याला टेकत-सुटत राहते, हे मात्र त्यांच्या बोटाखाली बघून कळलं.

माझा नेक त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बंदुकीसारखा डोळ्याला लावला. "मधी पोट आलंय." मी म्हटलं, कंपनीच्या सरळपट्टीवर तपासलाय. ते हसले. संध्याकाळी बहिणीकडे पट्टी लावून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घातला. ९व्या फ्रेटला ०.२ मिमीचं पोट. आठवडाभरात उन्हाने आलेलं.

निघताना पॉलिशचं विचारलं. "पावसात पॉलिशला हात लावू नका. दसऱ्यानंतर करा. लाकडाला काय घाई न्हाई, तुम्हाला हाय."

३० मे

पोट काढलं, फ्रेट ठोकले. नायलॉनचा हातोडा, आधी दोन्ही टोकं, मग मध्य. लांब कानशीने माथे एका पातळीत आणून पुन्हा गोल केले. नेकची वजनं: १२ तारांचा ८६० ग्रॅम, ६ तारांचा ७४०. हाताची आग होतेय. जास्त लिहीत नाही.

१३ जून

चाचांचं ऐकलं नाही. पाऊस सुरू होऊन आठवडा झालाय, पण आज सकाळी ऊन होतं आणि मी लॅकर फवारलं. वीस मिनिटं काचेसारखं दिसलं. मग आकाश भरलं, आणि सगळ्या बॉडीवर दुधावरच्या सायीसारखी पांढरट झाक पसरली.

का होतं तेही माहीत आहे. थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि दमट हवेतलं पाणी त्या गार थरात अडकतं. कंपनीच्या पेंट शॉपमध्ये यासाठीच हवेतली आर्द्रता लिहिलेला फलक आहे, त्याच्यासमोरून मी रोज जातो.

२७ जून

दोन आठवडे लॅकर उतरवण्यात गेले. खर्च आतापर्यंत ३१,४००. बायकोला २६ सांगितलाय.

शेवटी जवसाच्या उकळलेल्या तेलाचा एक हात मारून ठेवला, निदान घामाचे डाग पडणार नाहीत. कुणी हे करणार असेल तर फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मी दोरीवर पसरून वाळवली.

२५ जुलै

काही काम नाही. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून पाणी सोडलंय, सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलंय. आमचा ढोलकीवाला त्याच बाजूला राहतो. तो आणि ढोलकी दोघेही वरच्या मजल्यावर सुखरूप. त्याने फोटो पाठवला, ढोलकी पलंगावर पांघरूण घालून झोपवलेली.

८ ऑगस्ट

वायरिंग. पॉट (व्हॉल्यूम-टोन कमीजास्त करायचे भाग) आणि स्विच बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून आणले. प्रत्येक नेकला एक व्हॉल्यूम, एक टोन. एक तीन टप्प्यांचा स्विच नेक निवडायला (वरचा, दोन्ही, खालचा), एक सहा तारांचे पिकअप निवडायला. खोबणीत तांब्याची चिकटपट्टी लावून सगळं एकाच ठिकाणी अर्थिंगला जोडलं.

ऍम्पला लावलं. खालच्या ब्रिजला हात लावला की गुणगुण थांबते, वरच्याला लावला की वाढते. अर्थातच, वरच्या ब्रिजला अर्थची वायरच नव्हती. दोन गिटार एका बॉडीत आहेत हे वायरिंग करताना डोक्यात ठेवायचं, नाहीतर अर्धी गिटार उपाशी राहते.

दुसरी भानगड चक्रावणारी. स्विच मधल्या टप्प्यावर ठेवून १२ तारांचा व्हॉल्यूम शून्यावर आणला तर सहा तारांचे पिकअपसुद्धा गप्प! कागदावर काढून बघितलं तेव्हा पटलं. पिकअपची वायर पॉटच्या कडेच्या पायाला आणि बाहेर जाणारी मधल्या पायाला असेल, तर शून्यावर मधला पाय थेट अर्थला टेकतो आणि बाहेर जाणारा सगळा सिग्नल जमिनीत जातो, दोन्ही नेकचा. या दोन वायरींची अदलाबदल केली की प्रत्येक नेक आपापला कमीजास्त होतो. तोटा एवढाच की व्हॉल्यूम उतरवला की आवाज थोडा बोदा होतो. चालेल.

१५ ऑगस्ट

सुट्टी. सोसायटीत झेंडावंदन, मग तारा चढवल्या. बारीक दोन जोड्या एकाच सुरात, बाकी चार जोड्यांत जाड तारेसोबत सप्तकभर वरची. १८ तारा लावून सुरात आणायला दीड तास. एक सुरात आणली की मागची उतरलेली. लेक म्हणाली, "बाबा, वाजवणार कधी?"

वजन करायला किचनच्या काट्यावर ठेवली तर आकडाच येईना. त्याची धाव पाच किलोपर्यंतच. मग प्रवासाच्या बॅगा मोजायच्या लटकत्या काट्याला अडकवली. ५ किलो २६०.

बायकोला फोटो पाठवला. तिने उत्तरादाखल विचारलं, "२६ ना?" मी कबूल केलं.

२२ ऑगस्ट

आठवड्यात वरच्या नेकला बाक आला. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून ७व्यावर फीलर गेज घातला: ०.५५ मिमी. मला ०.२५ हवं. ट्रस रॉड जवळजवळ संपेपर्यंत आवळला, ०.४ वर अडकला. कार्बनच्या कांड्या टाकूनही.

उपाय स्वस्तातला निघाला. १२ तारा अर्धा सूर उतरवल्या. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे अर्ध्या सुराने ताण ११ टक्के उतरतो. दोन दिवसांनी माप ०.२८. मूळ पट्टी हवी असेल तेव्हा पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा). १२ तारा वाजवणारे कित्येक जण हेच करतात. मला आधी ती पळवाट वाटायची.

५ सप्टेंबर

परवा गणपती. आज सराव, आणि आज एक गोष्ट घडली ती नीट लिहून ठेवतो.

आमच्या गायिकेची पट्टी काळी दोन (पेटीची दुसरी काळी पट्टी). गाणं सुरू होताना मी नेकचा स्विच चुकून मध्ये ठेवला होता. वाजवत होतो खालच्या नेकवर, सहा तारांवर, साधा आलापीसारखा तुकडा. काळी दोनच्या षड्जावर थांबलो, तार बोटाने दाबून बंद केली, आणि आवाज गेलाच नाही. मागे बारीक, चांदीच्या घुंगरांसारखं काहीतरी तरंगत राहिलं, तीन-चार सेकंद. ढोलकीवाल्याने हात थांबवला. "तरफा लावल्यास का रे?" (तरफा म्हणजे सतारीच्या आपोआप गुंजणाऱ्या तारा.)

वरच्या नेकच्या मोकळ्या तारा, अर्धा सूर उतरवल्यामुळे नेमक्या काळी दोन आणि तिच्या पंचमावर बसलेल्या, खालच्या तारेच्या थरथरीने आपोआप बोलत होत्या. बॉडी पोखरलेली, त्यामुळे थरथर पोचतेही चांगली. आणि वरचा पिकअप चालू असल्यामुळे ते ऐकू आलं. मग मी पांढरी एकचा षड्ज वाजवून पाहिला. काहीच नाही, लाकूड. पुन्हा काळी दोन. घुंगरं.

गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिनने 'शक्ती' या बँडच्या काळात गिटारवर तिरक्या सात तारा जादा बसवून घेतल्या होत्या, हे वाचलेलं आहे. पण त्या त्याने मागून घेतल्या होत्या. मला बाक काढता काढता मिळाल्या.

अर्धा तास कुणी गाणं सुरू करू दिलं नाही. सगळ्यांना एकदा ऐकायचं होतं. १२ तारांचा व्हॉल्यूम ४ च्या आसपास बरा, त्याच्या वर नेला की कॉर्ड बदलताना सगळी खिचडी होते. जलद गाण्यात नकोच. त्यासाठी लेकीचा केसांचा जाड रबर वरच्या नटजवळ तारांवर चढवला की तारा मुक्या. जांभळा आहे, त्यावर लाल चेरी. परत मागितला नाही तिने.

१२ सप्टेंबर

काल मंडळासमोर पहिला कार्यक्रम. दोन तास गळ्यात. मान दुखली, पण जुन्या दोन गिटार आळीपाळीने उचलण्याइतकीच. लोकांनी गाण्यांपेक्षा फोटो गिटारचे काढले. दुसऱ्या भागात एक लहान मुलगा स्टेजच्या कडेला येऊन मोजत होता, अठरापर्यंत गेला आणि समाधानाने परत गेला.

तुकड्याच्या मध्ये नेक बदलणं जमलं, तीनदा. चौथ्यांदा स्विच पाडला आणि हात जुन्याच नेकवर राहिला. दीड मात्रा निव्वळ शांतता. निवेदक तयारीत होताच.

२४ ऑक्टोबर

दसरा झाला. हवा कोरडी. चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून गाळून घेतली. कापसाचा बोळा मलमलीत बांधून, पातळ हात, गोल गोल, न थांबता. थांबलं तर बोळा चिकटतो आणि डाग पडतो. तीन दिवसांत तीस-पस्तीस हात झाले असतील. शिवणीच्या पिवळट रेषा मधासारख्या दिसायला लागल्यात. शिंगावरची चिकटवलेली ढलपी आता फक्त तिरप्या उजेडात दिसते. शेजारच्या काकूंना दाखवली. त्यांनी बोट फिरवून विचारलं, "हेच का ते कबूतर?"

आईने फिंगरबोर्डवरच्या पितळी टिकल्या चिंचेने घासून देऊ का विचारलं. नको म्हटलं, लाख निघेल. तरी दुपारी बघतो तर १२व्या फ्रेटच्या दोन टिकल्या लखलखीत.

तिसऱ्या जोडीतली सप्तकाची तार आज पुन्हा तुटली. ०.००८ इंची, सगळ्यात बारीक, दर वेळी हीच. सहाचं पाकीट मागवलंय.